तांदळात लिहिलेलं नाव

नाशिकला पंचवटीत माझं एक जुनं गिऱ्हाईक आहे. खाली किराणा दुकान, वर घर. छोट्या दुकानांचे नि ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळणं हा माझा धंदा, त्यामुळे महिन्यातून एकदा तिथे चक्कर होतेच. शक्यतो दुसऱ्या मंगळवारनंतरच्या बुधवारी जाते. मायक्रोसॉफ्ट २००३ च्या ऑक्टोबरपासून दर महिन्याची दुरुस्ती दुसऱ्या मंगळवारी सोडतं. त्यांच्याकडे सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे ऋतूप्रमाणे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा. म्हणजे त्यांचा मंगळवार आपल्याकडे बुधवारीच उजाडतो.

२०२५ च्या १२ नोव्हेंबरला अशीच गेले. दुकानमालकांचे वडील गणिताचे निवृत्त मास्तर, सगळी गल्ली त्यांना सर म्हणते. ते वही घेऊन वाटच बघत होते. घरात विंडोज १० ची तीन मशिनं: खाली काउंटरवरचं बिलिंगचं, वर नातीचा लॅपटॉप आणि सरांचा स्वतःचा लॅपटॉप. विंडोजच्या सर्चमध्ये ‘विनव्हर’ असं टाइप केलं की एक छोटी चौकट उघडते, तीत व्हर्जनचं नाव आणि बिल्ड, म्हणजे त्या व्हर्जनच्या नेमक्या बनावटीचा आकडा, लिहिलेलं असतं. नावातलं एच म्हणजे अर्धवर्ष: २१एच२ हे २०२१ च्या दुसऱ्या अर्धवर्षाचं. तिन्हीकडे ती चौकट उघडली आणि सरांनी ओळी एकाखाली एक उतरवून घेतल्या.

काउंटरवरचं मशीन: २१एच२, बिल्ड १९०४४, टिंब, पुढे चार आकडे. नातीचा लॅपटॉप: २२एच२, बिल्ड १९०४५, टिंब, पुढे अगदी तेच चार आकडे. सरांचा लॅपटॉप: २२एच२, बिल्ड १९०४५, टिंब, पण पुढचे चार आकडे ऑक्टोबरातले, शिळे.

सरांनी दोन आकड्यांखाली रेघ ओढली. “म्हणजे माझं आणि नातीचं नाव एक, पण औषध तिलाच मिळालं. आणि खालच्याचं नाव निराळं, तरी त्यालाही तेच औषध मिळालं. मग हे नाव ठेवलंय कशाला?”

अठरा वर्षांत माझ्या धंद्यातल्या कुणी हा प्रश्न इतका सरळ विचारला नव्हता. आम्हाला सवय झालेली असते. गिऱ्हाइकाचा फोन आला की आम्ही “व्हर्जन काय दिसतंय, वाचा बरं” म्हणतो आणि त्या अक्षरांवरून मनातल्या मनात कोष्टक काढतो. ज्याच्यापाशी कोष्टक नाही त्याला ही नावं काय सांगतात, याचा विचार आम्ही करत नाही. माझं म्हणणं असं की ती काहीच सांगत नाहीत, आणि ज्या एका गोष्टीशी गिऱ्हाइकाचं देणंघेणं असतं ती तर मुळीच नाही. ती गोष्ट म्हणजे या मशीनची डागडुजी कोणत्या तारखेपर्यंत होणार.

आधी हे एकच औषध तिघांना कसं चालतं ते सांगते, कारण तो भाग खरोखर हुशारीचा आहे.

माझी आजी माहेरची द्वारका. लग्नात ताटात तांदूळ पसरले, आजोबांनी त्यात अंगठीने ‘सुशीला’ लिहिलं आणि त्या दिवसापासून ती सुशीला झाली. पण द्वारकेचा दमा सुशीलाला चुकला नाही, आणि द्वारकेला लागू पडणारा काढा सुशीलालाही तितकाच लागू पडायचा. विंडोज १० चं २००४ नावाचं व्हर्जन मे २०२० मध्ये आलं, बिल्ड १९०४१. त्यानंतर २०एच२, २१एच१, २१एच२, २२एच२ आली. बिल्ड अनुक्रमे १९०४२, ४३, ४४ आणि ४५. पाच नावं, बाई एकच. नव्या सोयींच्या फायली कंपनी दर महिन्याच्या अपडेटमधूनच आधी पाठवून ठेवत असे, पण झोपलेल्या. मग एक दिवस एनेबलमेंट पॅकेज नावाची चिमुकली गोष्ट यायची. ती फक्त खटका दाबायची. मशीन एकदा बंद होऊन सुरू व्हायचं, झोपलेल्या सोयी जाग्या व्हायच्या, बिल्डच्या आकड्यात एकाची भर पडायची, आणि ‘विनव्हर’च्या चौकटीत नवं नाव दिसायचं. तांदूळ पसरले, अंगठी फिरवली, झालं.

म्हणून महिन्याचं अपडेटही सगळ्यांना एकच. त्याचा केबी क्रमांक, म्हणजे अपडेट ओळखायचा आकडा, एक, पॅकेज एक. त्याच्या माहितीच्या पानावर दोन-तीन बिल्ड शेजारी शेजारी लिहिलेले असतात, टिंबाआधी वेगळे, टिंबानंतर सारखे. टिंबाआधीचा आकडा म्हणजे आडनाव बदलल्याचा कागद. टिंबानंतरचा आकडा म्हणजे खरी तब्येत.

या पद्धतीवर माझा राग नाही. उलट ज्यांनी २०१८ चे दिवस काढलेत ते तिला दुवाच देतील. तेव्हा वर्षातून दोनदा अख्खं विंडोज नव्याने उतरायचं. कित्येक जीबींचा मामला, डोंगलवर चालणाऱ्या ऑफिसात दिवस मोडायचा, आणि ‘९७ टक्के’ वर अडकलेल्या स्क्रीनसमोर चहाचे तीन कप व्हायचे. त्याच वर्षी ऑक्टोबरात आलेल्या १८०९ ने काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फायलीच पुसून टाकल्या. कंपनीला ते व्हर्जन मागे घ्यावं लागलं आणि १३ नोव्हेंबरला पुन्हा सोडावं लागलं. पुढच्या वर्षी १९०९ हे खटका दाबून येणारं पहिलं व्हर्जन आलं आणि आम्ही सुटकेचा श्वास टाकला. विंडोज ११ मध्येही २२एच२ वरून २३एच२ वर आणि २४एच२ वरून २५एच२ वर जाणं असंच आहे, चहाचा एक कप पुरतो. एकच पाया, एकच तपासणी, एकच ठिगळ. यात सगळ्यांचाच फायदा.

बिघडतं ते नावाशी.

नावांचा इतिहास बघितला तर करमणूक होते. विंडोज ७ स्वतःला आतून ६.१ म्हणवत असे. त्याआधीचं विंडोज व्हिस्टा ६.० होतं, आणि पहिला आकडा बदलला की जुने प्रोग्रॅम बिथरतात हा अनुभव ताजा होता, म्हणून सातव्याला सहाच्याच घरात ठेवलं. ८ म्हणजे ६.२, ८.१ म्हणजे ६.३. मग दहाला एकदम १०.०. आज विंडोज ११ ला आतून विचारा, ते अजूनही १०.० सांगतं. मॅकचं ‘बिग सर’ हे व्हर्जन ११ होतं, पण जुन्या प्रोग्रॅमने विचारलं तर १०.१६ असं उत्तर द्यायचं. पत्रिकेतलं नाव एक, शाळेतलं दुसरं, हाक मारायचं तिसरं. यात फसवाफसवी नाही, जुन्या प्रोग्रॅमची मर्जी राखायची म्हणून केलेला खटाटोप आहे. पण गंमत बघा, प्रोग्रॅमला कोणतं नाव सांगितल्याने त्याचं भलं होईल याचा इतका विचार होतो. माणसाच्या बाबतीत मात्र विचार होतो तो कोणतं नाव खपेल याचा.

२०१७ च्या १७ ऑक्टोबरला ‘फॉल क्रिएटर्स अपडेट’ आलं. फॉल म्हणजे तिकडची पानगळ. आपल्याकडे तेव्हा ऑक्टोबर हीट, आणि मी एका ऑफिसात पंख्याखाली घाम पुसत ते इन्स्टॉल करत होते. या शब्दावरून तिकडेही कुरकुर झाली आणि काही देशांत त्याचं ‘ऑटम’ करण्यात आलं. मग तऱ्हेवाईक नावं थांबली आणि आधीपासून सोबत असलेला वर्ष-महिन्याचा आकडाच पुढे आला. हे बरं, असं वाटतं तोवर २००४ आलं. वीस साल, चौथा महिना. ठरल्याप्रमाणे जायचं तर त्याला २००३ म्हणावं लागलं असतं, पण विंडोज सर्व्हर २००३ नावाची जुनी वस्तू होतीच, घोटाळा नको म्हणून चार. घोटाळा टळला का? मला त्या उन्हाळ्यात किती फोन आले सांगू? “ताई, अपडेट केलं तर हे २००४ सालचं विंडोज आलं, मागे गेलं का?” आणि ते एप्रिलचं नाव लावलेलं व्हर्जन प्रत्यक्ष बाहेर पडलं २७ मे रोजी. १९०९ तर सप्टेंबरचं म्हणवून १२ नोव्हेंबरला आलं.

याच्या शेजारी उबुंटूची, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या एका मोफत सिस्टिमची, एक जुनी गोष्ट ठेवावीशी वाटते. त्यांच्याकडेही वर्ष-महिना अशीच रीत, २००४ च्या ऑक्टोबरातलं पहिलं व्हर्जन ४.१०. २००६ सालचं व्हर्जन एप्रिलात यायचं होतं, ६.०४. काम पुरं झालं नाही, ते लांबलं, आणि १ जून २००६ ला बाहेर पडलं. त्यांनी नावच बदलून ६.०६ केलं. बास, इतकंच. पण नावात तारीख लिहिली की ती खरी असली पाहिजे, एवढी लाज त्यात होती. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या व्हर्जनांना पाच वर्षं नेहमीचा सपोर्ट असतो, म्हणून २४.०४ हे नाव वाचलं की तोंडी हिशेब होतो: चोवीस अधिक पाच, एप्रिल २०२९ च्या आसपास. कोष्टक लागत नाही. सरांसारख्या गणिताच्या माणसालाच नव्हे, मला भाजी देणाऱ्या मावशींनाही ही बेरीज जमेल.

अॅपलने २०२५ मध्ये सगळ्या व्हर्जनांना एका रांगेत आणलं. आयओएस १८ नंतर एकदम २६, मॅकओएस १५ नंतर २६, व्हिजनओएस २ नंतरसुद्धा २६. गाड्यांच्या मॉडेलसारखं पुढच्या वर्षाचं नाव. नीटनेटकं दिसतं खरं. पण या २६ मधून कळतं काय, तर जन्म केव्हा झाला, तोही थोडा पुढचा धरून. आयुष्य किती ते कळत नाही. आणि ज्याच्या हातात जुना फोन आहे त्याला मात्र दर सप्टेंबरात आपण मागे पडल्याची टोचणी लागते. ही टोचणी हेच त्या आकड्याचं काम असावं, असा माझा संशय आहे. सिद्ध करता येणार नाही.

अँड्रॉइडने २०१९ मध्ये मिठायांची नावं सोडली, ते योग्यच केलं. काही भाषांत एल आणि आर बोलताना वेगळे ऐकू येत नाहीत, पाय हा पदार्थ सगळीकडे गोड नसतो, अशी कारणं गूगलने तेव्हा दिली होती. एन अक्षराची पाळी आली तेव्हा नानकटाई व्हावी अशी आपल्याकडे अनेकांची इच्छा होती, झालं नूगट. असो. महत्त्वाचं हे की अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये व्हर्जनच्या बरोबरीने एक तारीख असते, सुरक्षेचं शेवटचं ठिगळ कधीचं लागलं त्याची. आणखी एक तारीख गूगल प्लेच्या सिस्टिम अपडेटची. फोन हातात घेऊन बघा. वरचं नाव ‘१४’ असेल नाहीतर ‘१६’, त्याला फारसा अर्थ नाही. खालची तारीख दोन वर्षांपूर्वीची असेल तर त्या फोनवरून बँकेचं काम करताना दहादा विचार करावा. निदान तब्येतीची तारीख तरी अँड्रॉइड समोर ठेवतं. मुदत संपण्याची तारीख तिथेही नाही.

आता सरांच्या प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्याकडे. नाव सारखं असून नातीला औषध का आणि त्यांना का नाही?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ही तारीख काही अचानक उगवली नाही, २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हापासून ती कंपनीच्या कागदावर होती, हे कबूल केलं पाहिजे. पण त्याच २०१५ च्या मे महिन्यात कंपनीच्या परिषदेत त्यांच्याच एका माणसाने व्यासपीठावरून सांगितलं होतं की विंडोज १० हे शेवटचं विंडोज. लोकांच्या लक्षात ते राहिलं. तारीख कागदात राहिली.

तर १४ ऑक्टोबरनंतर ज्यांना पुढची ठिगळं हवीत त्यांनी वर्षभरासाठी नाव नोंदवायचं, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. घरगुती वापरासाठी एकतर ३० डॉलर मोजा, नाहीतर मायक्रोसॉफ्टचे बक्षीस गुण हजार खर्च करा, नाहीतर त्यांच्या खात्यात शिरून आपल्या सेटिंगचा बॅकअप त्यांच्याकडे ठेवा. नातीने तिसरा मार्ग धरला, दोन मिनिटांत मोकळी झाली. सरांनी ठाम नकार दिला. “माझ्या लॅपटॉपला माझं खातं पुरे. मी कुणाच्या घरी सामान ठेवत नाही.” २०१७ चा लॅपटॉप, प्रोसेसर इंटेलच्या सातव्या पिढीचा. विंडोज ११ साठी साधारणपणे आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, त्यामुळे तो रस्ताही बंद. मशीन मात्र ठणठणीत. सरांचे भूमितीचे शेकडो प्रश्न त्यात आहेत आणि बॅटरी गेल्याच वर्षी मी बदलून दिली होती.

आणि खालच्या काउंटरचं? ते विंडोज १० चंच एक भावंड, उपकरणांसाठी लांब मुदतीच्या सपोर्टसह विकलं जाणारं, आयओटी एंटरप्राइझ एलटीएससी २०२१. पाया तोच १९०४४. त्याचा सपोर्ट आहे १३ जानेवारी २०३२ पर्यंत. साध्या एंटरप्राइझ एलटीएससी २०२१ चा १२ जानेवारी २०२७ पर्यंत. कंपन्यांच्या ऑफिसांना पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. शाळांना पहिल्या वर्षी एक डॉलर.

हे सगळं सांगितल्यावर सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे औषध २०३२ पर्यंत बनणारच आहे.”

हो. इथेच मला माझं म्हणणं मांडायचंय. जेव्हा प्रत्येक व्हर्जनचा पाया वेगळा होता तेव्हा ‘जुन्या व्हर्जनसाठी वेगळं माणूसबळ लावावं लागतं, ते परवडत नाही’ हे कारण पटण्यासारखं होतं. पण पाया एकच, ठिगळ एकच, ते दर महिन्याला शिवलं जातंय, आणि नंतर दारावर उभं राहून नाव विचारून कुणाला द्यायचं ते ठरतंय, तेव्हा ‘व्हर्जन संपलं’ हे वाक्य खरं राहत नाही. संपलं ते व्हर्जन नव्हे, आपल्याशी असलेला करार. नाव बदललेल्या द्वारकेचा काढा शेगडीवर उकळतोय, फक्त तिच्या वाटीत ओतायचा की नाही हे शिधापत्रिका बघून ठरतंय. तसं म्हणा ना मग. धंद्याचा निर्णय घ्यायचा हक्क कंपनीला आहे, पण तो तंत्राच्या नावावर खपवायचा हक्क नाही.

हे नवीनही नाही. २०एच२ हे व्हर्जन घरगुती आणि प्रो वापराच्या मशीनसाठी १० मे २०२२ ला संपलं, एंटरप्राइझ आणि शिक्षणसंस्थांसाठी ९ मे २०२३ ला. एकाच नावाला दोन मरणं, मध्ये एक वर्षाचं अंतर. ऑफिसातला साहेब म्हणतो, माझ्या मशीनवर २०एच२ आहे आणि अपडेट येतंय. त्याची बायको घरी म्हणते, माझ्यावरही तेच आहे, मला का येत नाही? दोघंही खरं बोलत असतात.

युरोपात काय झालं तेही बघण्यासारखं आहे. तिथल्या एका ग्राहक संघटनेने आवाज उठवला, आणि २०२५ च्या सप्टेंबरात मायक्रोसॉफ्टने युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या घरगुती ग्राहकांसाठी वर्षभराची ठिगळं फुकट केली, बॅकअपची अटही काढली. खात्यात अधूनमधून डोकावावं लागतं एवढंच. म्हणजे लिस्बनमधल्या सरांना जे बॅकअप न ठेवता फुकट मिळालं ते नाशिकच्या सरांना मिळालं नाही. ठिगळ तेच, पण त्याला कुठे किंमत, कुठे अट, कुठे फुकट. मग ती किंमत ठिगळाची नाहीच. तुम्ही कुठे राहता आणि तुमच्या वतीने कुणी भांडतं का, याची ती किंमत आहे.

यावर माझ्याच धंद्यातले लोक मला दोन गोष्टी ऐकवतात. पहिली अशी की ठिगळ शिवणं आणि ते कोट्यवधी नानाविध मशिनांवर नीट बसतंय का हे बघणं, यात फरक आहे. बिलिंगची मशिनं ठरावीक साच्याची असतात. घरोघरचे लॅपटॉप म्हणजे बारा गावचं पाणी. कुणाचा प्रिंटर २००९ चा, कुणाचं वायफाय कार्ड कुठलं ते देवाला ठाऊक. हे मान्य, मी रोज तेच भोगते. तो खर्च खरा आहे आणि तो कुणीतरी द्यायला हवा. दुसरी अशी की सपोर्ट कधीतरी संपलाच पाहिजे, नाहीतर जुन्या, भोकं पडलेल्या रचना कायम डोक्यावर राहतील. टीपीएमचा आग्रह धरण्यामागेही सुरक्षेचं कारण आहे, निव्वळ नवी मशिनं खपवण्याचा डाव नाही. तेही मान्य. अमरपट्टा मागणारा ग्राहक मूर्खच.

मी अमरपट्टा मागत नाही. तारीख मागते. आणि ती तारीख पैसे मोजायच्या आधी कळली पाहिजे, इतकंच मागते.

यावर कंपन्यांचं ठरलेलं उत्तर: तारखा आमच्या वेबसाइटवर आहेत. आहेत, आणि मायक्रोसॉफ्टच्या तर फार व्यवस्थित आहेत, मी रोज वापरते. पण दुकानात लॅपटॉप घेणारा माणूस ते पान उघडत नाही. तो काउंटरवरच्या मुलाला विचारतो. सरांनीही एका दुकानात विचारलं होतं, किती वर्षं चालेल. मुलाने उत्साहाने सांगितलं, “काका, विंडोज ओरिजिनल आहे, लाइफटाइम!” त्या मुलाचं चुकलं म्हणावं तर त्याच्याजवळच्या कागदांवरही दुसरं काही लिहिलेलं नव्हतं.

हे कायद्याने होऊ शकतं, यात स्वप्नाळूपणा काही नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती वस्तूंच्या उत्पादकांना सुरक्षेचे अपडेट किमान किती काळ मिळतील ते जाहीर करावं लागतं. युरोपचा सायबर रेझिलियन्स अॅक्ट आणखी पुढे जातो: सपोर्ट संपण्याचा महिना आणि वर्ष खरेदीच्या वेळीच ग्राहकाला स्पष्ट दिसलं पाहिजे, आणि तो काळ साधारणपणे किमान पाच वर्षांचा असला पाहिजे. त्यातल्या मुख्य तरतुदी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतात. फोनच्या बाजारात तर काही कंपन्या हे आपणहून करू लागल्या. गूगलने पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने गॅलॅक्सी एस२४ ला सात वर्षांचं वचन दिलं आणि ते जाहिरातीत मिरवलं. म्हणजे तारीख सांगितल्याने माल खपतो, अडत नाही.

आपल्याकडे यासाठी नवा डोलारा उभा करायचीही गरज नाही. बंद पाकिटातल्या मालावर एमआरपी, बनवल्याचा महिना-वर्ष, तक्रारीसाठी संपर्क हे सगळं छापायची सक्ती २०११ च्या पॅकेज्ड कमॉडिटीज नियमांत आहेच. वजनमापे खात्याचा माणूस किराणा दुकानात येतो तो पाकिटं उलटीपालटी करून हेच बघतो, दुकानमालकाला विचारा. दोनशे ग्रॅमच्या चिवड्यावर ‘अमुक तारखेपूर्वी वापरा’ असतं. पन्नास हजारांच्या लॅपटॉपवर नसतं. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलं, त्यात मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स हा विभाग आहे. दुरुस्तीच्या हक्कात स्क्रू, बॅटरी आणि पडदा येत असेल तर महिन्याचं ठिगळही आलं पाहिजे. त्याच्याशिवाय बाकीचं सगळं शाबूत असूनही मशीन भंगारात जातं.

व्हर्जनला कंपनीने काय नाव द्यायचं ते देऊ दे. मिठाई, डोंगर, मांजर, अर्धवर्ष, काहीही. माझी हरकत नाही. पण ‘विनव्हर’च्या चौकटीत नावाखाली आणखी एक ओळ येऊ शकते: ‘या मशीनला अमुक तारखेपर्यंत अपडेट मिळतील.’ या मशीनला, या व्हर्जनला नव्हे, कारण आपण वर बघितलंच की एका व्हर्जनचे तीन जीव असू शकतात. कॉम्प्युटरला ते आतून माहीत असतंच, नाहीतर नातीला ठिगळ देऊन सरांना नाकारलं कसं असतं? तारीख पुढे ढकलली तर आनंदच, अलीकडे ओढायची मात्र मुभा नको. आणि जोवर तेच ठिगळ कुणासाठीतरी शिवलं जातंय, तोवर घरगुती ग्राहकाला ते विनाअट, किंवा अगदीच तर माफक पैशांत, खातंबितं न मागता मिळावं. युरोपात निदान पैसे आणि बॅकअप तरी सुटले, तेवढंही इथे न जमायला तंत्राची अडचण कुठलीच नाही.

त्या बुधवारी मी सरांच्या लॅपटॉपवर त्यांच्या परवानगीने उबुंटू २४.०४ टाकून दिलं. भूमितीच्या फायली उघडून त्यांनी एकेक तपासली, दोन ठिकाणी अक्षरं जरा सरकली होती, ती नीट केली. मग नातीच्या वहीतली लेबलं मागवली, लोणच्याच्या बरण्यांना लावतात तसली. खालच्या काउंटरवर एक चिकटवलं: १३ जानेवारी २०३२. नातीच्या लॅपटॉपवर: १३ ऑक्टोबर २०२६. स्वतःच्या लॅपटॉपवर: एप्रिल २०२९. शेवटचं लिहिताना त्यांनी एकदा माझ्याकडे बघून बेरीज पक्की करून घेतली.

निघताना मला म्हणाले, “थांब जरा.” माळ्यावरून लॅपटॉपचा जुना खोका काढायला मुलाला लावलं. धूळ झटकली, चष्मा वर केला आणि खोक्याच्या कडेचं पांढरं स्टिकर भिंगातून वाचलं. एमआरपी होती, सर्व करांसहित. आयात: ऑगस्ट २०१७. तक्रारीसाठी फोन नंबर. त्याखाली दोन बोटं कोरा कागद.

“जागा तर सोडलीय की,” सर म्हणाले.